मेसिनाच्या डोंगरधारेवर मोजलेले पक्षी

आठवीच्या वर्गात आम्ही गेली वीस वर्षे इकबालचा शाहीन शिकवत आलो आहोत. शाहीन म्हणजे हिंमत, शाहीन म्हणजे उंच भरारी, शाहीन म्हणजे कुणापुढे हात न पसरणे, असे सगळे आम्हाला तोंडपाठ आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत हाच पाठ चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "आपा, तुम्ही शाहीन पाहिलाय का?"

वर्ग शांत झाला. आम्हीही. खरे सांगायचे तर आम्ही तो पाहिलेला नव्हता. पुस्तकातले चित्र पाहिले होते, कॅलेंडरवर पाहिला होता, एका दुकानाच्या पाटीवर पाहिला होता. आभाळात कधी नाही. "नाही बेटा, नाही पाहिला," आम्ही म्हणालो. पोरांना गंमत वाटली. आम्हाला मात्र जरा शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा वर्तमानपत्राची पुरचुंडी घेऊन आला. आत एक पंख होता. लांब, फिकट राखाडी, टोकाला काळा. "आपा, हा शाहीन आहे का? माझ्या मामेभावाने माळावर गलोलीने पाडला." सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. त्याला वाटले, आपा खूश होतील, कारण आपांनी शाहीन पाहिलेला नाही.

पंख शाहीनचा नव्हता. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर पक्ष्यांचे जाणकार आहेत. त्यांनी पाहताच सांगितले, हा भोवत्या आहे, आणि नर आहे. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत तो आपल्या सोलापूर भागातल्या माळांवर येतो, थंडी इथे काढतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातो. महिनाभराने तो निघालाच असता.

त्या मुलाला काय सांगावे, हा प्रश्न होता. रागावणे सोपे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भीती घालणेही सोपे होते. भोवत्या मारणे गुन्हा आहे, हे खरेच आहे. पण भीतीने पोरगा पंख लपवायला शिकला असता, एवढेच. म्हणून आम्ही आठवडाभर वाचले, विज्ञानाच्या सरांना छळले, आणि मग वर्गात नकाशा लावून एका दूरच्या डोंगराची गोष्ट सांगितली. तीच आज आमच्या वाचक बहिणी-भावांना सांगावीशी वाटते.

सिसिलीचा कोपरा

उर्दू वाचणाऱ्यांना सिसिली परकी नाही. 1908 साली युरोपातले शिक्षण संपवून इकबाल जहाजाने हिंदुस्थानकडे परतत होते. वाटेत सिसिलीचा किनारा दिसला आणि त्यांना त्या बेटावरचा मुसलमानांचा गेलेला काळ आठवला. त्या भेटीवरची त्यांची नज्म 'बांगे दरा'मध्ये आहे. सन 827 मध्ये अरब फौजा या बेटावर उतरल्या आणि 1091 पर्यंत तिथली मुस्लिम सत्ता पूर्ण संपली. पुढे नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात बसूनच अल-इद्रिसी यांनी 1154 मध्ये जगाचा आपला प्रसिद्ध भूगोल पुरा केला. हे सगळे आम्ही वर्गात सांगतो. पण त्याच सिसिलीवरून दर वसंतात काय उडत जाते, हे आम्हाला वयाच्या चाळिशीनंतर कळले.

नकाशात पाहा. सिसिली बेट त्रिकोणी आहे. त्याचा ईशान्येकडचा कोपरा इटलीच्या मुख्य भूमीला जवळजवळ टेकतो. मध्ये फक्त मेसिनाची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागी ती तीन किलोमीटरहून थोडीच अधिक रुंद आहे. पाणी मात्र खोडसाळ. स्पेनचे प्रवासी इब्ने जुबैर हज करून परतत असताना 1184 च्या हिवाळ्यात त्यांचे जहाज इथेच फुटले होते. या सामुद्रधुनीला लागून मेसिना शहराच्या मागे पेलोरितानी नावाची डोंगररांग आहे. पक्षी मोजणारे लोक एप्रिल आणि मे महिन्यांत याच डोंगराच्या धारेवर उभे राहतात.

आता पक्षी तिथूनच का जातात, ते पाहू. घार, मधुबाज, गरुड यांसारखे मोठे पक्षी फार पंख मारत नाहीत. ऊन तापले की जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते. या चढत्या हवेत पक्षी गोल गोल फिरत उंच जातात आणि मग पंख पसरून पुढे घसरत जातात, पुढची गरम हवा मिळेपर्यंत. दुपारी आपल्या गच्चीवरून घारी पाहा, हेच दिसेल. समुद्रावर मात्र अशी हवा नीट चढत नाही. तिथे पंख मारावे लागतात, शक्ती जाते. म्हणून आफ्रिकेत थंडी काढून युरोपकडे परतणारे हे पक्षी समुद्र जिथे अरुंद असेल तिथे गोळा होतात. एक मोठी वाट जिब्राल्टरवरून जाते. ते नावही मूळचे जबल तारिक, म्हणजे तारिकचा डोंगर. दुसरी वाट ट्युनिशियाच्या टोकावरून सिसिलीवर आणि तिथून मेसिनावरून पुढे.

ट्युनिशियाच्या त्या टोकाला फ्रेंचांनी केप बॉन म्हटले. अरबीत ते अर्-रास अत्-तय्यिब, म्हणजे भले टोक. तिथून सिसिलीपर्यंत सुमारे 140 ते 150 किलोमीटर पाणी आहे. विश्रांतीला फांदी नाही, की खडक नाही. एवढे पाणी ओलांडून पक्षी सिसिलीवर येतात, बेट ओलांडतात आणि ईशान्य कोपऱ्यात जमीन निमुळती होत गेली की सगळे एका पट्ट्यात दाटतात. नरसाळ्यात धान्य ओतावे तसे.

यात सर्वांत जास्त असतो मधुबाज. नाव बाज असले तरी त्याचे मुख्य अन्न म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्यातल्या अळ्या. जमीन उकरून तो पोळे काढतो. डंख लागू नयेत म्हणून त्याच्या चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट पिसे असतात. आफ्रिकेच्या जंगलात थंडी काढून हा पक्षी एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला मेसिनावरून थव्यांनी जातो. त्याच्याबरोबर घारी असतात, लहान ससाणे असतात आणि भोवत्येही असतात. त्यातले काही अगदी आपल्या माळावर येणाऱ्या जातींचेच.

एक जुना समज आणि बंदुका

लांबून दमून आलेला पक्षी डोंगरधार ओलांडताना कधीकधी फार खालून उडतो. मेसिनाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होते. डोंगरावर शिकाऱ्यांनी आडोसे बांधले होते, काही तर सिमेंटचे पक्के. मे महिना आला की बंदुका घेऊन लोक वर जात.

हे मांसासाठी नव्हते. तिथे एक समज होता. ज्या पुरुषाने वसंतात एकही मधुबाज पाडला नाही, त्याची बायको त्याला दगा देणार. म्हणजे नवऱ्याची इज्जत राहावी म्हणून आफ्रिकेतून आलेल्या पक्ष्याने मरायचे! हे वर्गात सांगितल्यावर मुली हसल्या. मग त्यांतलीच एक हळूच म्हणाली, "आपा, बायकोला कुणी विचारलं होतं का?" आम्ही तिला शाबासकी दिली. इज्जतीच्या नावाखाली ज्याचा काही संबंध नाही त्याचा बळी देण्याची चाल फक्त सिसिलीतच आहे असे नाही, हे आपण सगळे जाणतो.

इटलीत 1977 च्या कायद्याने शिकारी पक्ष्यांना संरक्षण मिळाले. कायदा रोममध्ये झाला. मेसिनाच्या डोंगरावर बार वाजतच राहिले. गावात सगळ्यांना सगळे ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

पंधरा वर्षांची मुलगी

1981 साली आन्ना जोर्दानो नावाची मेसिनाचीच एक मुलगी डोंगरावर पक्षी पाहायला गेली. वय वर्षे पंधरा. तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या लागून पक्षी कोसळले. घरी येऊन ती रडली असेल, पण तेवढ्यावर थांबली नाही. ती पुन्हा डोंगरावर गेली. पुढे दर वसंतात जात राहिली, सोबत मित्रमैत्रिणी, मग इटलीच्या इतर भागांतले आणि युरोपच्या इतर देशांतले स्वयंसेवक येऊ लागले. डोंगरावर छावणी उभी राहिली.

त्यांचे काम काय होते? पाहणे, मोजणे आणि कळवणे. किती पक्षी गेले, कोणत्या जातीचे, किती वाजता. आणि त्याच कागदावर बंदुकीचे बार किती ऐकू आले. सुरुवातीच्या एका हंगामात हजाराहून अधिक बार मोजले गेले. बार ऐकू आला की वनरक्षकांना कळवायचे. कोणाशी हातघाई नाही, कोणाला शिवी नाही. फक्त आकडा.

पण आकडाच लोकांना टोचतो. 1986 मध्ये तिची गाडी जाळण्यात आली. तिला टपालाने एक मेलेला ससाणा पाठवण्यात आला; सोबत धमकीची चिठ्ठी होती. तेव्हा ती विशीच्या आसपास होती. आमच्या घरातली मुलगी असती तर आम्ही काय म्हटले असते? "झाले ते पुरे, आता घरी बस," असेच म्हटले असते, हे आम्ही वर्गात कबूल केले. आन्ना घरी बसली नाही. ती पुढे पक्षीशास्त्रज्ञ झाली आणि डोंगरावर जात राहिली. 1998 साली तिला पर्यावरणासाठीचे गोल्डमन पारितोषिक मिळाले.

हळूहळू डोंगर बदलला. वनखात्याची पथके वसंतात तिथे येऊ लागली. आज चांगल्या वर्षी तिथे 30 हजारांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात आणि बार क्वचित ऐकू येतो. चोरटी शिकार पूर्ण संपलेली नाही, म्हणून मोजणारे अजून जातात. सामुद्रधुनीवर प्रचंड पूल बांधण्याची योजनाही अनेक वर्षे चर्चेत आहे. त्याचे मनोरे चारशे मीटरच्या जवळपास उंच असतील. पक्ष्यांच्या वाटेत ते किती आड येतील, हा वाद जेव्हा निघतो तेव्हा बोलायला हातात इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत, ही त्या मुलांचीच कमाई.

आभाळात मोजायचे कसे?

आमच्या पोरांना सर्वांत जास्त उत्सुकता याचीच होती. पक्षी काय रांगेत उभे राहतात का?

मोजणारे सकाळी डोंगरधारेवर अशी जागा निवडतात की दोन्ही बाजूंचे आभाळ दिसावे. दुर्बीण प्रत्येकाकडे असते. आभाळाचे भाग वाटून घेतात, एक जण समोर पाहतो, दुसरा डावीकडे, तिसरा डोक्यावर. एक जण फक्त लिहितो. कागदावर तासातासाचे रकाने असतात: जात, संख्या, कुठून आले, कुठे गेले, वारा कसा आहे. थवा वर चढत गोल फिरत असताना मोजत नाहीत, कारण तोच पक्षी दोनदा मोजला जातो. थवा वर जाऊन पुढे निघाला, ओळीने घसरू लागला, की तेव्हा मोजतात. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा नजरेत बसवायचा आणि मग तसे किती तुकडे आहेत ते पाहायचे. एकाहून जास्त ठिकाणी माणसे असतील तर एकमेकांना कळवायचे, म्हणजे तोच थवा दोन कागदांवर चढत नाही.

यात एक प्रामाणिकपणा लागतो. काहीच नाही आले तर शून्य लिहायचे. ओळखता आले नाही तर 'ओळखला नाही' असेच लिहायचे. आणि आकडा वाढला म्हणजे पक्षीच वाढले, असे लगेच म्हणायचे नाही. मोजणारे वाढले, दुर्बिणी चांगल्या आल्या, म्हणूनही आकडा वाढतो. परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहिणाऱ्या आमच्या काही शूरांना हा भाग आम्ही दोनदा समजावला.

त्याच वाटेचे दुसरे टोक

गोष्ट इथे संपवली असती तर पोरांच्या मनात राहिले असते की शिकार करणारा तो वाईट. म्हणून आम्ही समुद्राच्या अलीकडची बाजूही सांगितली.

केप बॉनच्या टोकाशी अल-हवारिया नावाचे गाव आहे. समुद्र ओलांडण्याआधी पक्षी तिथल्या डोंगरावर गोळा होतात. या गावात बाशा पाळण्याची जुनी परंपरा आहे. बाशा म्हणजे आपल्या शिक्र्याचा भाऊबंद. वसंतात परतीच्या वाटेवरचे बाशे तिथले लोक डोंगरावर जाळी लावून धरतात, तेही मादी, कारण ती नराहून मोठी. थोड्या दिवसांत तिला हातावर बसायला शिकवतात. त्याच सुमारास लावे पक्षी येतात, त्यांची शिकार तिच्याकडून करून घेतात. आणि हंगाम संपला की तिला डोंगरावर नेऊन सोडून देतात. ती आपल्या वाटेने समुद्रापार जाते. याचा गावात उत्सवही होतो.

बाज, शिक्रा, बाशा, शाहीन, बहिरी ही नावे आपल्याकडेही जुन्या शिकारखान्यांतूनच आली, फारसी-उर्दूतून मराठीत. म्हणजे या पक्ष्यांशी आपली ओळख होती. हातावर बसवण्याइतकी होती. आता ती कवितेपुरती उरली.

पक्षी धरणे आज योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात, आणि आपल्या देशात तर कायद्याने ते मनाच आहे. पण पोरांनी एक फरक स्वतःच पकडला. एका ठिकाणी पक्ष्याचे काम झाल्यावर त्याला जाऊ देतात, दुसऱ्या ठिकाणी पाडल्यावर तो पडूनच राहतो.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ दर शरदात अमूर ससाणे प्रचंड संख्येने उतरतात. 2012 साली तिथे जाळी लावून ते इतके मारले जात होते की एका हंगामाचा अंदाज लाखाच्या वर गेला. छायाचित्रे जगभर गेली. गावाच्या पंचांनी, चर्चने, वनखात्याने आणि कार्यकर्त्यांनी मिळून लोकांशी बोलणी केली, आणि 2013 मध्ये तिथे मारलेल्या ससाण्यांची संख्या शून्यावर आली. एका वर्षात! तेच ससाणे पुढे भारत ओलांडून, अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जातात.

आमचा माळ

एवढे झाल्यावर वर्गच म्हणाला, आपणही मोजू. आमच्याकडे डोंगर नाही. पण गावाबाहेर माळ आहे आणि थंडीत भोवत्ये संध्याकाळी तिथे गवतात जमिनीवरच झोपायला उतरतात. झाडावर नाही, जमिनीवर. विज्ञानाचे सर बरोबर येणार होते.

घरोघरी परवानगी घ्यावी लागली. मुलांच्या घरून हो आले. मुलींच्या घरून प्रश्न आले. एका मुलीचे अब्बा शाळेत आले आणि म्हणाले, "आपा, पोरीनं पक्षी मोजून काय होणार?" आम्ही त्यांना आन्नाची गोष्ट सांगितली नाही, जळालेल्या गाडीची तर मुळीच नाही. आम्ही म्हणालो, "भाई, तुम्हीच या आमच्याबरोबर." ते आले.

रमजानच्या आधीचा रविवार होता. असरच्या नमाजनंतर निघालो आणि मगरिबपर्यंत माळाच्या कडेला बसलो. अठरा मुले, दोन शिक्षक, एक अब्बा आणि एक दुर्बीण. पहिला अर्धा तास काहीच नाही. लिहिणाऱ्या मुलीने रकान्यात शून्य लिहिले. मग सूर्य खाली गेला आणि गवताच्या जरा वरून, पंख किंचित वर उचलून, एक पक्षी तरंगत आला. फिकट राखाडी, पंखांची टोके काळी.

तो पहिल्यांदा दिसला पंख घेऊन येणाऱ्या त्या मुलालाच. गलोल चालवणाऱ्याची नजर ती, साहजिकच तेज. तो ओरडला नाही. बोट दाखवून अगदी हळू म्हणाला, "आपा, एक." मग दोन. मग पाच. अंधार पडेपर्यंत अकरा झाले. दोन मुलांचा आकडा बारा होता. चर्चा झाली, एक पक्षी फिरून आला होता असे ठरले आणि कागदावर अकराच राहिले.

परतताना तो मुलगा आमच्याजवळून चालत होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपा, तो नसता मारला तर आज बारा झाले असते." आम्ही काही बोललो नाही. बोलायचे राहिलेच काय होते?

आणि ते अब्बा? फाटकाशी निरोप घेताना त्यांनी लेकीला विचारले, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

यंदाही आम्ही मोजतो आहोत. वाचकहो, तुम्हाला डोंगर नको, महागडी दुर्बीणही नको. गच्ची असेल तर गच्चीवर, शेत असेल तर बांधावर, मार्चच्या एखाद्या दिवशी मुलांना घेऊन अर्धा तास वर पाहा. एका वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहा. घारी असल्या तरी चालतील. शून्य असले तरी लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा लिहा. ज्याचा हिशेब घरातली मुले ठेवतात, त्यावर दगड उचलायला त्यांचा हात सहसा जात नाही, एवढे आम्ही आमच्या वर्गात पाहिले आहे.

शाहीन मात्र आम्ही अजून पाहिलेला नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर तो राहतो, असे विज्ञानाचे सर सांगतात. सुट्टीत जाणार आहोत. वर्गाला तसा वादा केला आहे.